एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय: हाताचं कुठलं दुखणं अंगावर काढू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २७. तीन आठवड्यांपूर्वी तोल जाऊन तळहातावर पडलात. त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, म्हणून क्रेप बँडेज आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरली, पण अंगठ्याच्या बाजूला मनगट अजून दुखतं. बँडेज बांधून काम चालू ठेवावं का, आणि एकूणच हाताच्या कुठल्या दुखण्यासाठी धावपळ करावी, कुठलं अंगावर काढलं तरी चालतं?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते: नाही, असं काम चालू ठेवू नका. याच आठवड्यात पुन्हा दाखवा. का, ते सविस्तर सांगते.

माझ्याकडे हाताचा रुग्ण आला की मी त्याला आधी एकच गोष्ट करायला लावते. दुसऱ्या हाताच्या एका बोटाचं टोक ठेवून नेमकं कुठे दुखतं ते दाखवा. बहुतेक जण अख्ख्या मनगटावर हात फिरवतात आणि ‘इथे सगळीकडे’ म्हणतात. मग मी पुन्हा विचारते. एका हातात २७ हाडं असतात, त्यातली ८ एकट्या मनगटात, चार-चारच्या दोन ओळींत. जागा दोन सेंटीमीटर सरकली की दुखणं बदलतं, उपचारही बदलतो. ‘मनगट मुरगळलं’ हे मी कधीही पहिलं निदान मानत नाही. बाकीचं सगळं तपासून बाजूला काढल्यावर जे उरतं, ते मुरगळणं.

तुम्ही आत्ता बसल्याजागी करून पाहा. अंगठा ताठ करून वर, मागच्या बाजूला उचला. अंगठ्याच्या मुळाशी दोन ताठ दोऱ्या वर येतील आणि त्यांच्यामध्ये खळगा दिसेल. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. मग दुसऱ्या मनगटावर तितक्याच जोराने दाबा, कारण चांगल्या हातालाही तिथे थोडं दुखतंच. आता तळहाताच्या बाजूला या: मनगटाची आडवी घडी अंगठ्याच्या उंचवट्याला जिथे भेटते, तिथे हाडाचा छोटा टणक उंचवटा लागेल, तो दाबा. शेवटी अंगठा धरून त्याच्याच रेषेत मनगटाकडे ढकला. दोन्ही हातांत स्पष्ट फरक जाणवला, तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं आहे असं धरूनच चालायचं. ते मोडलेलं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता तपासणाऱ्याची. आणि फरक जाणवला नाही तरी तीन आठवडे टिकलेलं दुखणं दाखवायचं आहेच. घरची चाचणी डॉक्टरची जागा घेत नाही.

मनगटातल्या आठ हाडांपैकी स्कॅफॉइड सगळ्यात जास्त वेळा मोडतं आणि ते बहुतांशी तुमच्याच वयाच्या लोकांचं. या हाडाची अडचण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्तवाहिन्या मुख्यतः बोटांकडच्या अर्ध्या भागातून आत शिरतात आणि तिथून उलट्या दिशेने, कोपराकडच्या टोकाकडे जातात. हाड मधोमध मोडलं की त्या टोकाचं रक्त तुटू शकतं. शिवाय जवळजवळ सगळं हाड कुर्चेने झाकलेलं असतं, त्यामुळे इतर हाडांसारखं बाहेरून नवं हाड चढून जोड पक्का होत नाही. ताजी चीर केसाएवढी बारीक असते, हाड तिरकं बसलेलं असतं, आणि पहिल्या दिवशीच्या फिल्मवर ती सहज सुटते. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरात काढलेली, जगभर गाजलेली क्ष-किरण प्रतिमा हाताचीच होती, त्यांच्या पत्नीच्या. तेव्हापासून एक्स-रेवरचा आपला विश्वास इतका वाढला आहे की ‘फिल्ममध्ये नाही म्हणजे नाहीच’ असं वाटतं. स्कॅफॉइडच्या बाबतीत तरी हा विश्वास महागात पडतो.

म्हणून नियम असा आहे: खळग्यात दुखत असेल आणि पहिली फिल्म स्वच्छ असेल, तर हात स्प्लिंटमध्ये (सांधा हलू न देणाऱ्या कडक पट्टीत) किंवा प्लास्टरमध्ये ठेवायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा फिल्म काढायची. तोवर चिरेच्या कडांचं हाड थोडं विरतं आणि चीर दिसू लागते. एमआरआय काढला तर पहिल्या काही दिवसांतच खात्री होते. तुमच्या बाबतीत ही दुसरी तपासणी राहून गेली आहे. उपचार चार आठवड्यांच्या आत सुरू झाले तर हाड जुळण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती घसरत जाते. तुम्ही तीन आठवड्यांवर आहात, म्हणून ‘याच आठवड्यात’ म्हणते आहे.

चीर निघाली तर घाबरू नका. तुकडे सरकलेले नसतील तर ६ ते १० आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये बहुतेक स्कॅफॉइड जुळतात. कोपराकडच्या टोकाला मोडलं असेल किंवा तुकडे सरकले असतील तर स्क्रू घालणं बरं. मधोमध मोडलेल्या पण न सरकलेल्या हाडासाठी स्क्रूची घाई मला पटत नाही. वर्षभरानंतर दोन्ही मार्गांचे निकाल जवळपास सारखे दिसतात आणि शस्त्रक्रियेचे धोके वेगळे घ्यावे लागतात. मात्र प्लास्टर निवडलं तर हाड खरोखर जुळलं का हे शेवटी तपासायलाच हवं, गरज पडली तर सीटी स्कॅनने. न जुळलेलं हाड सुरुवातीला फारसा त्रास देत नाही, आणि धोका त्यातच असतो. मनगटाची हाडं हळूहळू जागा सोडतात, सांधा झिजतो, आणि काही वर्षांनी रुग्ण येतो तेव्हा मूळ मोड दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते.

दुखणं खळग्यात नसून मनगटाच्या पालथ्या बाजूला मधोमध असेल, जमिनीवर हात टेकून उठताना तिथे कळ येत असेल, तर स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारचं ल्युनेट यांना बांधणारा लिगामेंट फाटलेला असू शकतो. त्यासाठी मूठ घट्ट आवळून फिल्म काढावी लागते. दोन हाडांतली फट ३ मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली तर संशय पक्का होतो. करंगळीच्या बाजूला दुखत असेल, किल्ली फिरवताना किंवा ओलं कापड पिळताना टोचत असेल, तर तिथल्या त्रिकोणी कुर्चेकडे लक्ष द्यायचं. बहुतेकांचं ते काही आठवडे स्प्लिंट आणि व्यायामाने शांत होतं.

वय बदललं की तसंच पडूनही वेगळं हाड मोडतं. लहान मुलांमध्ये मनगटाच्या वर हाड दुमडतं. त्याला बहुधा तीन आठवड्यांचा साधा स्प्लिंट पुरतो. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, रेडियस हे कोपरापासून मनगटापर्यंतचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटापाशी मोडतं. अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रे येण्याच्या कितीतरी आधी, निव्वळ हात चाचपून याचं वर्णन केलं होतं. याबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची पहिली सूचना असू शकते. प्लास्टर निघालं की विषय संपला असं समजू नये. घनता तपासून औषध सुरू केलं तर पुढचं खुब्याचं हाड वाचू शकतं. घरात कुणाचं असं मनगट मोडलं असेल तर ही तपासणी झाली का, हे आजच विचारा.

आता बोटांकडे. ‘बोट हलतंय ना, मग मोडलेलं नाही’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकावं लागतं आणि ते चूक आहे. मोडलेलं बोट हलू शकतं. उलट हाड शाबूत असूनही शेवटचं पेर मुळीच न हलणं ही जास्त गंभीर गोष्ट असते. म्हणून बोटाला मार लागला की प्रत्येक सांधा वेगळा तपासायचा: मधलं पेर धरून ठेवून फक्त टोकाचं पेर वाकवा, मग सरळ करा.

टोक सरळ होत नसेल, खाली लोंबत असेल, तर बोट ताठ करणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शेवटच्या सांध्यापाशी तुटला आहे. चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की हे होतं; चादर गादीखाली खोचतानाही होतं. त्याला शस्त्रक्रिया क्वचितच लागते. शेवटचा सांधा स्प्लिंटमध्ये सरळ ठेवायचा, ६ ते ८ आठवडे, रात्रंदिवस. मधला सांधा मोकळा ठेवायचा आणि वाकवत राहायचं. अट एकच, पण ती फार कडक आहे: या काळात टोक एकदाही खाली पडू द्यायचं नाही. अंघोळीनंतर त्वचा कोरडी करायला स्प्लिंट काढला तर बोट टेबलावर सपाट ठेवून, खालून आधार देऊन काढायचा. एकदा टोक लोंबलं की मोजणी पहिल्या दिवसापासून. बोट वाकडं राहतं ते बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात ‘जरा वाकवून पाहू’ म्हटल्यामुळे.

याच्या उलट, टोकाचं पेर वाकतच नसेल, तर वाकवणारा टेंडन हाडावरून उखडलेला असू शकतो. खेळताना समोरच्याचा शर्ट धरला आणि तो झटक्याने सुटला की असं होतं, बहुतेक वेळा अनामिकेला. इथे शस्त्रक्रिया लागते. टेंडनचं टोक तळहातात मागे सरकलेलं असेल तर ती ७ ते १० दिवसांत झालेली बरी. नंतर टेंडन आखडतो आणि पुन्हा जागेवर पोहोचत नाही. हाडं शाबूत असतात म्हणून फिल्म बहुधा नॉर्मलच येते, आणि पुन्हा तोच घोळ होतो.

मधल्या सांध्याला मार लागून तो सरळ करायला जोर लागत असेल तर तेही लवकर दाखवा. नुसताच मुरगळला असेल तर शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून लवकर हलवायला लागा. त्या सांध्याची सूज काही महिने राहते आणि त्यात वावगं काही नाही. अंगठा बाहेरच्या दिशेला ताणला गेला आणि चिमटीत धरायची ताकद गेली, तर तळाच्या सांध्याचा आतला लिगामेंट तपासून घ्या. तो पूर्ण तुटून त्याचं टोक शेजारच्या पडद्याबाहेर अडकलं असेल तर आपोआप जुळत नाही.

मुठीने ठोसा मारून करंगळीच्या मुळाचं हाड मोडतं. ते थोडं वाकडं जुळलं तरी हात छान चालतो. बघायचं ते वेगळंच: बोटं हळूहळू मिटताना करंगळी अनामिकेवर चढते का? चढत असेल तर तुकडा फिरलेला आहे आणि ते सुधारावंच लागतं. आणि ठोसा समोरच्याच्या दातावर बसून मुठीच्या उंचवट्यावर बारीकशी जखम झाली असेल, तर ती कितीही क्षुल्लक दिसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दाताने सांध्याचं आवरण भेदलेलं असू शकतं आणि तोंडातले जंतू आत बंद होतात. दोन दिवसांत सांधा नासतो.

आता खरोखर तातडीच्या गोष्टी. बोट सगळीकडून सुजलं आहे, थोडं वाकलेलं राहतं, तळहाताच्या बाजूने पूर्ण लांबीवर दाबलं की दुखतं, आणि कुणी सरळ करायला गेलं तर किंचाळावंसं वाटतं, ही चार लक्षणं एकत्र दिसली तर टेंडनच्या नळीत पू झाला असण्याची दाट शक्यता आहे. सकाळची वाट पाहू नका. ग्रीस गनने किंवा रंगाच्या स्प्रे गनने बोटाच्या टोकाला टिचभर भोक पडलं, दुखतही नाही, तरी ती शस्त्रक्रियेची वेळ आहे. आतला पदार्थ दाबाने तळहातापर्यंत पसरलेला असतो आणि तास उलटतात तसं बोट वाचण्याची शक्यता कमी होते.

काचेने किंवा सुरीने बोट कापलं तर टाके घालण्याआधी दोन प्रश्न विचारा: टोकाला दोन्ही कडांना स्पर्श समजतो का, आणि प्रत्येक सांधा स्वतंत्र वाकतो का? तळहाताच्या बाजूला जखम छोटी आणि नुकसान मोठं, असं फार वेळा दिसतं. वरची त्वचा शिवून घरी पाठवलेला, आत टेंडन तुटलेला हात नंतर दुरुस्त करणं फार कठीण जातं. तुटलेली नस, म्हणजे मज्जातंतू, जोडली तरी ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगाने वाढते, म्हणजे टोकाला संवेदना परतायला महिने लागणार, हे आधीच मनाशी धरावं.

बोटाचा तुकडा तुटून पडला तर तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घालून ती बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका. गोठून मेलेला तुकडा जोडता येत नाही. पूर्ण तुटलेला अंगठा जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे जोडला. तेव्हापासून हे काम जगभर होतं आहे. तुकडा नीट थंड ठेवलेला असेल तर हाताशी बऱ्यापैकी वेळ असतो. आणि हाताला कुठलीही इजा झाली की सगळ्यात आधी अंगठी काढा. सूज चढली की ती कापावी लागते, आणि तोवर बोटाचं रक्त अडतं.

न पडता, न आपटता सुरू होणारी दुखणी वेगळी. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते: हे कार्पल टनेल. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांत हे जास्त दिसतं. करंगळीला मुंग्या येत असतील तर ही नस नव्हे. मग कोपरापाशी पाहायचं. नुकतं सुरू झालं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावा, अनेकांना तेवढ्याने आराम पडतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही महिने आराम देतं. पण अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, शर्टाची बटणं लावता येईनात, हातातून वस्तू निसटायला लागल्या, तर थांबू नका. नस फार काळ दाबलेली राहिली की शस्त्रक्रियेनंतर मुंग्या जातात, पण स्नायू परततीलच असं नाही. आधी मुंग्या कधीमधी येत होत्या, आता बोटं कायम बधिर आहेत, म्हणजे ‘आता त्रास कमी झाला’ असं नाही. रोग पुढे गेला आहे. हे लोकांना फार उशिरा कळतं, म्हणून मुद्दाम सांगते.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं, आणि बाळाला काखेत धरून उचलताना जास्त: हे डी क्वेर्वेन. तुमच्या जागेच्या अगदी जवळचं दुखणं आहे, म्हणून गल्लत होते. यात दुखतं ते खळग्याच्या जरा वर, कोपराकडे, हाडाच्या कडेवर. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ येते. अंगठ्याला आराम देणारा स्प्लिंट आणि एक इंजेक्शन यांनी बहुतेकांचं जातं. फक्त इंजेक्शनआधी स्कॅफॉइडचा संशय फिटलेला हवा.

बोट मिटताना अडकतं आणि खट्कन सुटतं, ते ट्रिगर फिंगर. सुईच्या नेढ्यात गाठ आलेला दोरा अडतो, तसा टेंडन तळहातातल्या कड्यात अडतो. निम्म्याहून अधिक लोकांना इंजेक्शन पुरतं. मधुमेहात यश कमी. मनगटावरची मऊ-टणक गाठ बहुधा गँगलिऑन असते, दुखत नसेल तर तिला हात लावू नका. अनेक आपोआप विरतात. काहीतरी जड आपटून फोडण्याचा प्रकार कृपा करून करू नका.

आणि कुठलीही दुखापत असो, हाताचा खरा शत्रू ताठरपणा आहे. सुजलेला हात गळ्यात खाली लोंबता अडकवू नका. हृदयाच्या वर धरा. प्लास्टरबाहेरची बोटं पहिल्या दिवसापासून पूर्ण मिटा आणि पूर्ण उघडा. खांदा आणि कोपरही हलवा. दुखऱ्या सांध्याला चोळून, ओढून ‘जागेवर बसवणं’ मात्र टाळा; चिरलेलं हाड त्यात सरकतं.

आता तुम्ही काय करायचं ते. भेट होईपर्यंत मनगटाचा कडक स्प्लिंट वापरा, अंगठा आत घेणारा मिळाला तर तो. क्रेप बँडेज हाडाला आधार देत नाही. त्या हाताने वजन उचलणं, ढकलणं, हात टेकून उठणं बंद. हाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्कॅफॉइडसाठीच्या वेगळ्या कोनांतल्या फिल्म मागा. त्याही स्वच्छ आल्या आणि खळग्यात दुखतच असलं तर एमआरआयबद्दल विचारा. सिगारेट ओढत असाल तर आजपासून थांबवा, हाड न जुळण्याचं ते एक ठळक कारण आहे. पहिल्या दिवशीची फिल्म स्वतः सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवली की जी चीर एकट्या फिल्मवर सुटते, ती पुष्कळदा पकडता येते.